कधीपासून? : मनोविकाराचा रुग्णेतिहास

हृदयविकाराचा संशय आला की हृदयालेख काढता येतो, क्षयाचा संशय आला की थुंकीत जंतू शोधता येतात आणि मधुमेहाचे निदान रक्तातील साखरेच्या प्रमाणावरून करता येते. परंतु नैराश्य, उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया यांचे निदान निर्विवादपणे सिद्ध करील अशी कोणतीही रक्ततपासणी किंवा मेंदूची प्रतिमा आजच्या वैद्यकाकडे नाही. मनोविकारतज्ज्ञ रक्त तपासून घेतो, क्वचित मेंदूचा एमआरआयही काढायला सांगतो, ते प्रामुख्याने थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, अपस्मार किंवा मेंदूतील गाठ यांसारखा एखादा शारीरिक आजार मनोविकाराच्या रूपात समोर आलेला नाही ना, हे पाहण्यासाठी. निदानाचा मुख्य आधार मात्र रुग्णाशी आणि त्याच्या जवळच्या माणसांशी झालेले संभाषण हाच असतो. या संभाषणाचे, म्हणजे मनोविकारशास्त्रीय मुलाखतीचे, दोन भाग पडतात. रुग्ण समोर बसलेला असताना त्याचे दिसणे, बोलणे, भावना, विचारांची ठेवण, भास, स्मरण आणि स्वतःच्या आजाराविषयीची जाण यांची जी नोंद घेतली जाते तिला मनःस्थिती परीक्षण असे नाव आहे. आणि तो त्या खुर्चीपर्यंत कसा येऊन पोहोचला याची जी साधार मांडणी केली जाते तिला रुग्णेतिहास म्हणतात. दवाखान्यात यालाच ‘हिस्ट्री घेणे’ म्हणण्याचा प्रघात आहे. पहिला भाग आजचा असतो, दुसरा आजपर्यंतचा, आणि दोहोंपैकी दुसराच बहुधा निर्णायक ठरतो.

तो निर्णायक का ठरतो, हे एकाच लक्षणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. साठीच्या घरातील एका गृहस्थांना, आसपास कोणी नसताना, माणसांचे आवाज ऐकू येतात असे मानू. हे आवाज मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झाले असतील, हात थरथरत असतील आणि ते गृहस्थ वीस वर्षे रोज दारू घेत असतील, तर हा दारू अचानक तुटल्यामुळे उद्भवलेला, वेळीच उपचार न झाल्यास जिवावर बेतू शकणारा डेलिरियम, म्हणजे जाणिवेचा तीव्र गोंधळ असण्याची शक्यता मोठी आहे. तेच आवाज पंचविशीपासून कमी-अधिक प्रमाणात चालू असतील तर विचार स्किझोफ्रेनियाचा होईल. आधी तीन महिने उदासी, अन्नावरची वासना उडणे आणि पहाटे लवकर जाग येणे हे सर्व घडून नंतर ‘तू पापी आहेस’ असे आवाज येऊ लागले असतील, तर ते तीव्र नैराश्याचे अंग ठरेल. आणि वर्ष-दोन वर्षे विस्मरण वाढत जाऊन, ओळखीचे रस्ते चुकू लागल्यानंतर आवाज सुरू झाले असतील तर स्मृतिभ्रंशाकडे लक्ष द्यावे लागेल. लक्षण एकच, उपचार मात्र चार प्रकारचे, आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे काय आधी घडले आणि काय नंतर. म्हणून ‘काय होते?’ या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ‘कधीपासून?’ हा प्रश्न मनोविकारशास्त्रात मोलाचा आहे.

ही दृष्टी शास्त्रात सहजासहजी आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेडाचे प्रकार बहुधा त्या-त्या वेळी दिसणाऱ्या लक्षणांवरून पाडले जात आणि त्यामुळे एकाच रुग्णाला दोन वर्षांत दोन वेगळी नावे मिळत. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन १८८६ साली डोर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू शहरात, प्राध्यापक म्हणून गेला तेव्हा त्याच्या पुष्कळ रुग्णांची भाषा त्याला येत नव्हती आणि दुभाष्यावाचून त्याचे चालत नसे. पुढे हायडेलबर्ग येथे त्याने प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठेवण्याची पद्धत पाडली. त्यावर आजाराची सुरुवात, मुख्य लक्षणे, मधल्या काळातील चढउतार आणि अखेरची स्थिती थोडक्यात नोंदवलेली असे. रुग्ण घरी गेल्यावरही त्याचे पुढे काय झाले याचा शोध घेऊन ते कार्ड पूर्ण केले जाई. अशी शेकडो कार्डे वर्षानुवर्षे लावून-फोडून पाहिल्यानंतर, आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत, त्याने तरुणपणी सुरू होऊन खालावत जाणारा आजार आणि झटक्यांनी येऊन मधल्या काळात ओसरणारा आजार असे दोन मोठे गट वेगळे केले. पहिल्याला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव मिळाले आणि दुसऱ्यातून आजचा द्विध्रुवीय मनोविकार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्या येणारा आजार, आकाराला आला. दोहोंमधील सीमारेषा क्रेपेलिनला वाटली तितकी ठाम नाही, आणि पहिल्या गटातील अनेक रुग्ण चांगले सुधारतात, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिले. परंतु आजाराची ओळख त्याच्या वाटचालीवरून पटते हा त्याचा मूळ विचार टिकून राहिला.

क्रेपेलिनचे लक्ष आजाराच्या वाटचालीवर होते, तर मूळचा स्वित्झर्लंडचा आणि नंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम केलेला अडॉल्फ मायर याने माणसाच्या वाटचालीकडे लक्ष वळवले. त्याने रुग्णाच्या जन्मापासूनची वर्षे एकाखाली एक मांडून, त्यांच्या समोर शारीरिक आजार, शाळा, नोकरी, विवाह, मुलांचे जन्म, मृत्यू आणि मानसिक त्रासाचे काळ नोंदवणारा तक्ता प्रचारात आणला. त्याला जीवनपट असे म्हणता येईल. असा तक्ता कागदावर उतरला की संभाषणात सुटे-सुटे वाटलेले प्रसंग एकमेकांशेजारी येतात, प्रत्येक बाळंतपणानंतरच आजार उलटला आहे किंवा प्रत्येक वेळी गोळ्या बंद केल्यावर तीन-चार महिन्यांनी तो परतला आहे, असे एका नजरेत दिसते. रुग्णेतिहासाचे आजचे रूप, म्हणजे सध्याचा आजार, पूर्वीचे आजार, कुटुंब, वैयक्तिक आयुष्य, व्यसने आणि मूळचा स्वभाव अशी त्याची कप्पेबंद रचना, या दोन परंपरांच्या मिश्रणातून घडलेली आहे. हे कप्पे विद्यार्थ्याच्या सोयीसाठी असतात. मुलाखत त्या क्रमाने चालवू लागले की तिची जनगणना होते.

मुलाखतीची सुरुवात रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांनी व्हावी आणि ते शब्द जसेच्या तसे केसपेपरवर उतरावेत, हा नियम साधा दिसतो, पण पाळला जातोच असे नाही. अमेरिकेतील हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी सामान्य वैद्यकीय भेटींचे ध्वनिमुद्रण करून १९८४ साली दाखवून दिले की रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी अठरा सेकंदांत त्याला मध्येच अडवत होते, आणि एकदा अडवलेला रुग्ण आपले म्हणणे क्वचितच पूर्ण करत होता. मनोविकाराच्या बाबतीत ही घाई विशेष महागात पडते, कारण पहिली तक्रार पुष्कळदा शरीराची असते. जीव घाबरा होतो, डोके भणभणते, हातापायांतली शक्ती गळून जाते, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, मन लागत नाही अशा शब्दांत माणसे बोलतात. ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणारा रुग्ण अजूनही विरळा. गोव्यात या शतकाच्या आरंभी विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या स्त्रियांच्या आरोग्याच्या अभ्यासात असे आढळले की अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जननमार्गाच्या जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण आणि नैराश्य-चिंतेशी अधिक होता. अशा स्त्रीला केवळ प्रतिजैविके देऊन परत पाठवणारा डॉक्टर तिच्या आजाराचा इतिहास घेतच नाही. पुरुषांच्या बाबतीत ‘धातू जाणे’ ही तक्रार तशीच, ना. ना. विग यांनी १९६० साली तिला वैद्यकीय साहित्यात स्वतंत्र नाव दिले आणि तिच्यामागे भीती, अपराधभाव व थकवा असतो हे निदर्शनास आणले. शरीराची तक्रार खोटी नसते. ती ऐकून घेतल्यावर, तिचा मान राखून, ‘आणि या दिवसांत मन कसे असते?’ असे विचारले की दुसरे दार बहुतेक वेळा उघडते.

त्यानंतर येतो सुरुवातीचा प्रश्न, आणि इथेच सर्वांत जास्त वेळ खर्च करणे योग्य ठरते. नातेवाईक जी तारीख सांगतात ती बहुधा आजार सुरू झाल्याची नसते, तर आजार असह्य झाल्याची असते. ‘आठ दिवसांपासून बिघडला आहे’ असे सांगून आणलेल्या तरुणाबाबत ‘तो अगदी पूर्वीसारखा शेवटचा कधी होता?’ असा उलटा प्रश्न विचारला, तर कळते की दीड वर्षापूर्वी त्याने मित्रांकडे जाणे सोडले, मग आंघोळ टाळू लागला, मग बारावीची परीक्षा दिली नाही, मग शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणू लागला आणि आठ दिवसांपूर्वी त्याने शेजाऱ्याच्या दारावर दगड मारला. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अठ्ठेचाळीस तासांत उभा राहिलेला आजार एकदम सुरू झालेला, तर दोन आठवड्यांत उभा राहिलेला तीव्र सुरुवातीचा मानला होता. त्याहून हळू आलेल्या आजाराची पुढची वाट सामान्यतः अधिक लांब आणि बिकट असते. म्हणून आठ दिवस आणि दीड वर्ष यांतील फरक केवळ नोंदीचा राहत नाही. उपचार किती काळ चालवावे लागतील आणि घरच्यांना कोणती अपेक्षा द्यायची, हेही त्यावर ठरते.

तारखा फार थोड्या लोकांच्या लक्षात राहतात, प्रसंग मात्र राहतात. ‘गणपतीच्या आधी की दिवाळीनंतर?’, ‘पेरणी झाली होती का?’, ‘थोरलीचे लग्न झाले तेव्हा तो कामाला जात होता का?’, ‘लॉकडाउनमध्ये कसा होता?’ असे विचारल्यावर जी उत्तरे मिळतात ती ‘सहा-सात महिने झाले असतील’ या उत्तरापेक्षा कितीतरी भरवशाची असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे वर्ष दसऱ्याच्या सुमारास गाव सोडण्याने आणि हंगाम संपल्यावर परतण्याने मोजले जाते, लातूर-धाराशिव भागातल्या वयस्क माणसांच्या आयुष्याचे १९९३ च्या भूकंपाआधीचे आणि नंतरचे असे दोन भाग पडलेले असतात. मुलाखत घेणाऱ्याला समोरच्या माणसाचे हे पंचांग माहीत असणे हा त्याच्या शास्त्रीय तयारीचाच भाग समजला पाहिजे.

क्रम लावताना एक सापळा नेहमी असतो. माणसाला घडलेल्या गोष्टीचे कारण हवे असते आणि आजाराच्या आगेमागे घडलेली कोणतीही मोठी घटना तो कारण म्हणून पुढे करतो. ‘नोकरी गेली आणि तेव्हापासून तो असा झाला’ हे वाक्य प्रामाणिकपणे सांगितलेले असले तरी, नोकरी जाण्याआधीचे चार महिने तो कामावर उशिरा पोहोचत होता, चुका करत होता, रात्ररात्र जागत होता, असे चौकशीत निघाले तर नोकरी जाणे हे आजाराचे कारण न राहता त्याचा परिणाम ठरते. मोडलेले लग्न, परीक्षेतील अपयश, व्यवसायातील खोट या सर्वांबाबत हीच शंका घ्यावी लागते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास करताना, जो टिरिल हॅरिस यांच्यासह १९७८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, आघाताची वेळ आणि आजाराच्या सुरुवातीची वेळ स्वतंत्रपणे निश्चित करण्यावर भर दिला, आणि भावाचा अपघाती मृत्यू यांसारख्या, आजारामुळे ओढवणे शक्यच नाही अशा घटना वेगळ्या काढल्या. संशोधनासाठी घडवलेली ही शिस्त रोजच्या बाह्यरुग्ण विभागातही तितकीच उपयोगी आहे.

पूर्वीच्या आजारांची चौकशी करताना सर्वांत जास्त निसटतो तो उन्मादाचा सौम्य काळ. नैराश्याने खचलेला माणूस आपल्या आयुष्यात कधी काही चांगले घडले होते हेच विसरलेला असतो, आणि पाच वर्षांपूर्वी तीन आठवडे तो जेमतेम दोन-तीन तास झोपून ताजातवाना असे, एकाच वेळी चार धंद्यांच्या योजना आखत होता, कर्ज काढून गाडी घेऊन आला होता, हे त्याला आजार म्हणून आठवत नाही. घरच्यांनाही तो ‘जोमात होता’ एवढेच स्मरते. तो काळ नोंदीत आला नाही तर निदान साध्या नैराश्याचे होते, केवळ नैराश्यरोधक गोळी दिली जाते, आणि द्विध्रुवीय आजार असलेल्या काही रुग्णांत ती गोळी एकटीच दिल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. तेव्हा ‘झोप कमी होऊनही थकवा आला नाही असे दिवस कधी आले होते का?’ हा प्रश्न प्रत्येक नैराश्यग्रस्ताला विचारणे अपरिहार्य आहे. व्यसनांबाबतही काळ महत्त्वाचा: किती घेतो याबरोबरच शेवटचे कधी घेतले, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि मन बिघडण्याआधी दारू वाढली की मन बिघडल्यावर वाढली, हे कळले पाहिजे. उत्तर सरळ मिळावे यासाठी प्रश्न न्यायनिवाड्याचा वाटता कामा नये. दारू, गांजा, ताडी, तंबाखू, मशेरी, झोपेच्या गोळ्या अशी नावे घेऊन, जेवणाखाण्याची चौकशी करावी तितक्या सहजपणे विचारल्यास पुष्कळजण खरे सांगतात.

कुटुंबाचा इतिहास तीन पिढ्यांच्या वंशवृक्षाच्या रूपात काढण्याची पद्धत आहे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ आणि नात्यातील विवाहासाठी दुहेरी रेघ. मामाची मुलगी करण्याची रीत ज्या समाजांत चालत आली आहे तिथे ही दुहेरी रेघ बऱ्याचदा काढावी लागते. सर्वसाधारण समाजात स्किझोफ्रेनियाचा आयुष्यभराचा धोका सुमारे १ टक्का, तर आई, वडील किंवा सख्खे भावंड आजारी असल्यास तो सुमारे १० टक्के मानला जातो, म्हणजे अशा दहांपैकी नऊ जणांना तो आजार होत नाही, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. ‘घराण्यात कोणाला वेड होते का?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत ‘नाही’ हेच उत्तर मिळते, कारण तिथे मुलींची लग्ने अडकलेली असतात. कोणी अचानक घर सोडून गेले होते का, कोणी वर्षानुवर्षे एका खोलीत बसून होते का, कोणी तरुणपणी विहिरीत पडून गेले का, असे विचारल्यावर आत्याचा ‘अपघात’ आणि चुलत्याचा ‘संन्यास’ हळूहळू बाहेर येतात.

वैयक्तिक इतिहासाचा पट मोठा असला तरी त्यातील प्रत्येक गोष्ट प्रत्येक रुग्णाबाबत सारखीच खोदायची नसते. मुलाने मान कधी धरली, कधी चालू-बोलू लागला हे बौद्धिक विकासाची शंका असेल तेव्हा अत्यावश्यक असते, पन्नाशीतील चिंताग्रस्त दुकानदाराच्या बाबतीत तितके नसते. शाळा कोणत्या इयत्तेत आणि का सुटली, कामे किती बदलली, विवाह कसा ठरला, ही माहिती माणसाची घडण दाखवते. स्त्रीच्या बाबतीत मासिक पाळी आणि बाळंतपणे यांच्या तारखा मात्र टाळून चालत नाहीत. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उद्भवणारा तीव्र मनोविकार हजार बाळंतपणांत एखाद-दुसऱ्या स्त्रीला होतो, पण तो झपाट्याने वाढतो, आई आणि बाळ दोघांनाही धोका निर्माण करतो, आणि आधी द्विध्रुवीय आजार असलेल्या स्त्रीत त्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून मागच्या खेपेला ‘सुवेर पाळताना ती चार दिवस बडबडत होती’ हे सासूने सहज बोललेले वाक्य पुढच्या बाळंतपणाची तयारी ठरवू शकते.

आतापर्यंत नातेवाइकांचा उल्लेख वारंवार आला, आणि तो अपरिहार्य आहे. मनोविकारात रुग्णाची जाणच कधी कधी बाधित झालेली असते, म्हणून दुसऱ्या माहितीदाराची साक्ष लागते. अडॉल्फ मायरची पत्नी मेरी ब्रूक्स मायर १९०४ च्या सुमारास रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या परिस्थितीची माहिती आणू लागली आणि तेथून मनोविकारक्षेत्रातील समाजसेविकेच्या कामाची सुरुवात मानली जाते. भारतात माहितीदाराला शोधत घरी जावे लागत नाही, तो रुग्णाबरोबर येतो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंत राहण्यास बोलावले, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच दशकात कुटुंबासह उपचारांची पद्धत सुरू केली; त्यामागे मनुष्यबळाची टंचाई होती, तशी कुटुंबाच्या सामर्थ्याची जाणही होती. तरीही सोबत आलेला प्रत्येकजण सारखाच विश्वासार्ह नसतो. तो रुग्णाबरोबर राहतो का, किती वर्षांपासून ओळखतो, त्याला आजारातून किंवा निदानातून काही मिळवायचे किंवा लपवायचे आहे का, हे पाहावे लागते. सुनेच्या आजाराविषयी सासर आणि माहेर यांचे सांगणे पुष्कळदा इतके वेगळे असते की लग्नाआधी तिला त्रास होता की नव्हता, या एका मुद्द्यावर दोन्ही घरे एकमेकांसमोर उभी राहतात. डॉक्टरने तिथे न्यायाधीश होऊ नये. दोन्ही कथने वेगवेगळी, सांगणाऱ्याच्या नात्यासह लिहून ठेवावीत, आणि त्या स्त्रीला, कितीही गर्दी असली तरी, थोडा वेळ एकटीला भेटावे. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जीव देण्याचा विचार या गोष्टी नवऱ्यासमोर आणि सासूसमोर कोणी उच्चारत नाही. नातेवाइकालाच दुभाषी करण्याचा प्रसंग गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या रुग्णांबाबत येतो, आणि तेव्हा रुग्णाच्या पाच मिनिटांच्या बोलण्याचे ‘काही नाही म्हणते’ एवढेच भाषांतर हाती येते. शक्य तिथे घराबाहेरचा दुभाषी शोधणे हाच त्यावर उपाय आहे.

आत्महत्येचा प्रश्न विचारताना नवशिक्या डॉक्टरची जीभ अडखळते, कारण विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरेल अशी त्याला भीती वाटते. संशोधनातून या भीतीला आधार मिळालेला नाही. उलट, विचारल्यावर अनेक रुग्णांना मोकळे वाटते. प्रश्न पायरीपायरीने जातो. जगण्याचा कंटाळा येतो का, झोपेतच मरण आले तर बरे असे वाटते का, स्वतःहून जीव देण्याचा विचार आला का, काही ठरवले होते का, आणि शेवटी, ठरवलेले साधन हाताशी आहे का. शेतकरी कुटुंबात फवारणीचे औषध कुठे ठेवले आहे, हा या चौकशीतला अखेरचा आणि सर्वांत तातडीचा प्रश्न होय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मधील कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. पोलिसांच्या धाकाने ‘चुकून औषध पोटात गेले’ असे सांगणाऱ्या घरांना हे समजावून दिले, तर खरा इतिहास मिळण्याची शक्यता वाढते.

आजाराविषयी रुग्णाचा आणि घरच्यांचा स्वतःचा समज काय आहे, हा प्रश्न जुन्या पद्धतीत शेवटी, घाईने विचारला जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकात त्याला मध्यवर्ती स्थान दिले, आणि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत समाविष्ट झाली. तिची प्रत्यक्ष चाचणी ज्या ठिकाणी घेण्यात आली त्यांत पुणेही होते. बाहेरची बाधा, करणी, भानामती, अंगात येणे हे शब्द कानावर पडताच चेहऱ्यावर नापसंती दाखवणाऱ्या डॉक्टरला देवऋषीकडे किती महिने गेले, उताऱ्यावर किती पैसे खर्च झाले, उपाशी किंवा बांधून ठेवले होते का, यांपैकी काहीच कळत नाही, आणि आजार किती दिवस उपचाराविना राहिला हेही कळत नाही. करणीवरचा विश्वास हा स्वतःहून विकृत भ्रम ठरत नाही, कारण तो भोवतालच्या अनेकांचा असतो. रुग्णाचे म्हणणे त्याच्याच गावातील, त्याच्याच समजुतीच्या माणसांनाही न पटण्याजोगे झाले आहे का, ही खरी कसोटी, आणि ती लावण्यासाठी गावातलेच कोणीतरी समोर असावे लागते.

प्रश्न विचारण्याच्या रीतीने निदान किती बदलते, हे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडन यांच्या तुलनेतून पुढे आले. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होत होते. संशोधकांनी दोन्हीकडे एकाच ठरीव पद्धतीने मुलाखती घेतल्या तेव्हा तो फरक बहुतांशी नाहीसा झाला. फरक रुग्णांत कमी आणि डॉक्टरांत जास्त होता. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनियाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात लंडन, मॉस्को, इबादान यांच्याबरोबर आग्रा येथेही अशी रचित मुलाखत वापरली. तरीही नुसत्या ठरीव प्रश्नांनी काम भागत नाही. लंडनच्या अँटनी कॉक्स, मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले की नेमके तपशील मिळवायला नेमके प्रश्न लागतात, तर भावना बाहेर यायला मोकळे प्रश्न आणि ऐकणाऱ्याची सहानुभूती लागते. म्हणजे एकाच मुलाखतीत दोन्ही चाली जमल्या पाहिजेत.

काही रुग्णांच्या बाबतीत सांगणारे कोणीच नसते. रस्त्यावर भटकताना सापडलेला, मराठी न बोलणारा, नाव-गाव न सांगणारा माणूस पोलीस येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आणतात तेव्हा केसपेपरवरचे सगळे कप्पे कोरे असतात. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने, ज्याचे संस्थापक भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे काम केले आहे. इथे इतिहासाचा क्रम उलटा असतो: उपचार आधी सुरू होतात, आणि जसजसे विचार ताळ्यावर येतात तसतसे एखाद्या नदीचे, रेल्वे स्थानकाचे, शाळेचे, भावाचे नाव ओठांवर येते. इतिहास हा तिथे निदानाचे साधन न राहता सुधारणेचे लक्षण बनतो. सिग्मंड फ्रॉइडने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णवृत्तांतात म्हटले होते की आपली कथा सुसंगतपणे सांगता न येणे हे आजाराचेच लक्षण असते आणि उपचारांबरोबर ती सलग होत जाते. त्याच्या सिद्धांतांपैकी पुष्कळ मागे पडले असले तरी हे निरीक्षण अशा केंद्रांत रोज खरे ठरते.

साध्या रुग्णांच्या बाबतीतही पहिल्या भेटीत लिहिलेला इतिहास हा मसुदाच असतो. उन्माद ओसरल्यावर, नैराश्य हलके झाल्यावर, किंवा डॉक्टरवर विश्वास बसल्यावर जुन्या घटनांना नवे अर्थ येतात, सुरुवातीची तारीख मागे सरकते, लपवलेली गोष्ट पुढे येते आणि निदानही बदलू शकते. म्हणून दुरुस्ती जुन्या मजकुरावर काट मारून न करता नव्या तारखेने, कोणी सांगितले त्याच्या उल्लेखासह केली पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २३ ने ही सर्व माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि कलम २५ ने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा अधिकार दिला आहे. गंभीर मानसिक हानी किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता असेल तेवढाच भाग रोखून ठेवता येतो. केसपेपरवर ‘हट्टी’, ‘नाटकी’, ‘सहकार्य करत नाही’ असे शेरे लिहिण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि ते शेरे एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात, काहीही न तपासता उतरवले जातात. त्याऐवजी ‘तीन प्रश्नांनंतर गप्प झाली, आईचे नाव निघाल्यावर रडली, त्यानंतर औषध घेण्यास नकार दिला’ असे जे घडले ते घडल्या क्रमाने लिहिले, तर पुढच्या डॉक्टरला त्यावरून काही ठरवता येते, आणि त्या स्त्रीने स्वतः तो कागद वाचला तरी त्यात तिला आपलीच हकीकत सापडते.